घरघंटी विकायला काढली, गर्दी झाली मोफत गिरणीवाल्यांची

"भावजी, फॉर्म कधी सुटणार म्हणून सकाळपासून हा अकरावा मेसेज. काय सांगू ह्यांना?"

वहिनींनी फोन पुढे केला. दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ओळीने तेच ते: मोफत गिरणीचा अर्ज कुठे भरायचा, शेवटची तारीख कधी, आधार कार्ड पाठवू का. एका बाईंनी तर न विचारताच रेशन कार्डाचा फोटो पाठवून दिला होता. दुकान काकांचं, म्हणजे माझ्या मित्राच्या वडिलांचं. सातारा-सांगली पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या बाजारपेठेत घरघंटी, डंकी आणि गिरणीचे सुटे भाग विकतात. योजनेशी त्यांचा संबंध तेव्हा तरी नव्हता. गूगलवर जाहिरात लावून दोन महिने झाले होते. घरघंट्या गेल्या दोन, त्यातली एक काकांच्या व्याह्यांनी नेली.

दुकानाचं नाव-गाव गाळलं आहे आणि रकमा गोल केल्या आहेत. बाकी प्रकरण घडलं त्याच क्रमाने सांगतो, माझ्या चुकीसकट.

आधी पैशांचं. रोजचं बजेट 500 रुपये ठेवलं होतं. गूगल एखाद्या दिवशी याच्या दुप्पट खर्च करू शकतं, पण महिन्याचं बिल रोजच्या बजेटच्या 30.4 पटीपलीकडे जात नाही. म्हणजे महिना 15,200. एका घरघंटीमागे सगळं जाता दोन हजार सुटतात, असा काकांचा हिशेब. महिन्याला आठ तरी जाहिरातीतून गेल्या तर खर्च भरून निघणार. दोन महिन्यांत दोन, हे गणित सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही.

मोहीम एका एजन्सीने लावून दिली होती. कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दाखवायची ते शब्द, पाच-सहाच: घरघंटी, पिठाची गिरणी, आटा चक्की, गिरणी मशीन, आणि यातलेच काही रोमन लिपीत. सगळे ब्रॉड मॅचमध्ये. बिडिंग, म्हणजे क्लिकसाठी बोली लावायची पद्धत, 'मॅक्सिमाइझ कन्व्हर्जन्स': बजेटात जास्तीत जास्त कन्व्हर्जन्स आण, असं गूगलला सांगणारी. आणि कन्व्हर्जन, म्हणजे जे घडलं की जाहिरातीला यश आलं असं मोजायचं ते, इथे होतं पानावरचं व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दाबणं. ही शेवटची गोष्ट मी खातं बघायला घेतलं त्या पहिल्या दिवशी वाचली आणि तिच्यावरून पुढे सरकलो. ते महागात पडलं.

ज्यांना या भानगडीची सवय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कीवर्डला कुठलीच खूण न करता तो टाकला की ब्रॉड मॅच: त्या शब्दाशी गूगलला संबंधित वाटेल अशा कुठल्याही शोधावर जाहिरात दिसू शकते. गूगल त्यात माणसाचे अलीकडचे शोध, तुमच्या पानावरचा मजकूर आणि त्याच गटातले बाकीचे कीवर्ड हे सगळं बघतं. अवतरणात टाकला की फ्रेज मॅच: शोधात कीवर्डचा अर्थ असला पाहिजे, मागेपुढे आणखी शब्द चालतात. चौकोनी कंसात टाकला की एक्झॅक्ट: शोधाचा अर्थ किंवा हेतू कीवर्डचाच हवा. 'अर्थ' हा शब्द इथे मुद्दाम वापरतोय. अक्षरं तीच हवीत, हा नियम कधीच गेला.

सर्च टर्म्स रिपोर्ट काढला. लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केल्यावर आपली जाहिरात दिसली, त्याची ही यादी. चहा घेऊन वाचायला बसलो. वाचता वाचता निवला.

सगळ्यात वर, निम्म्याहून जास्त खर्च खाणारे शोध योजनेचे. मोफत पिठाची गिरणी योजना, महिलांसाठी मोफत गिरणी अर्ज, गिरणी योजना जिल्हा परिषद, कागदपत्रं काय लागतात. अनेक जिल्हा परिषदांचा महिला व बालकल्याण विभाग अनुदानावर पिठाच्या गिरण्या देतो, आणि त्याच्या बातम्या आणि व्हिडिओ फिरत असतात. 'पिठाची गिरणी' हे शब्द गावाकडची बाई गूगलवर लिहिते तेव्हा पुष्कळदा तिला विकत घ्यायची गिरणी नको असते, हे एजन्सीच्या ध्यानात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नसतं आलं.

दुसरा गठ्ठा दळणाचा. 'माझ्या जवळची गिरणी', 'गिरणी आता चालू आहे का'. डबा घेऊन निघालेली माणसं. तिसरा दुरुस्तीचा: घरघंटीची जाळी, घरघंटी आवाज करते, बेल्ट, मोटर गरम होते. आणि मग तो शोध, ज्याच्यावर मित्र आणि मी एकदमच हसलो: 'गिरणी कामगार घर सोडत'. मुंबईच्या कापड गिरण्यांत 1982 चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, कामगारांच्या घरांसाठी म्हाडा सोडत काढते, आणि त्या सोडतीत नाव शोधणाऱ्याला आम्ही ज्वारी दळायचं यंत्र दाखवत होतो, पैसे देऊन. मराठीत गिरणी एकच. पिठाची असो, कापडाची असो, लाकडाची असो.

काका म्हणाले, "म्हणजे आमचे पैसे म्हाडाला गेले म्हणा की."

आता माझी चूक. रिपोर्ट बघून मी जे केलं ते या धंद्यातला कुठलाही चिडलेला माणूस करतो: सगळे कीवर्ड एक्झॅक्ट करून टाकले. [घरघंटी], [घरघंटी किंमत], [पिठाची गिरणी घरगुती], अशी पंचवीसेक. ब्रॉड बंद. शिस्त आली, असं वाटलं.

आठवड्याभरात जाहिरात जवळजवळ दिसेनाशी झाली. निम्म्या कीवर्डांपुढे 'शोधांचं प्रमाण कमी' असा शेरा. इतके कमी लोक तो शब्द शोधतात की गूगल तो कीवर्ड निजवूनच ठेवतं. मराठी शोधांचं दुखणं हेच की एकच गोष्ट वीस तऱ्हांनी लिहिली जाते. देवनागरीत घरघंटी, घर घंटी, घरघन्टी. रोमनमध्ये तर ज्याच्या त्याच्या शाळेप्रमाणे. कुणी 'आटा चक्की' म्हणतो, कुणी 'पीठ गिरणी', कुणी नुसतं 'दळायचं मशीन'. शोध विखुरले की प्रत्येक रूपाच्या वाट्याला चिमूटभर येतात, आणि एक्झॅक्टच्या बरणीत चिमूटभरच पडतं.

त्यातही एक्झॅक्ट म्हणजे तंतोतंत, असं मानून मी चाललो होतो. ही जुनी सवय. 2014 मध्ये गूगलने एक्झॅक्टला एकवचन-अनेकवचन आणि स्पेलिंगच्या चुका सगळ्यांसाठी सक्तीने जोडल्या. 2017 मध्ये शब्दांचा क्रम सैल केला, 2018 मध्ये 'अर्थ तोच असला तरी चालेल' इथपर्यंत आणलं, 2019 मध्ये तीच मोकळीक फ्रेजला दिली. 2021 मध्ये अधिकचं चिन्ह लावून ब्रॉडला आवर घालणारा ब्रॉड मॅच मॉडिफायर गुंडाळून फ्रेजमध्ये मिसळला. जुन्या लोकांना त्या अधिकाच्या चिन्हाची अजून आठवण येते. मलाही येते. तर [पिठाची गिरणी] हा आमचा एक्झॅक्ट कीवर्ड रिपोर्टात 'आटा चक्की'सारख्या शोधांपुढे उभा दिसला, त्यात नवल काहीच नव्हतं. शिवाय नुसतं 'पिठाची गिरणी' एवढंच लिहिणारा माणूस विकत घेणारा, दळण आणणारा की योजनावाला, हे एक्झॅक्टलाही कळत नाही. मॅच टाइप घट्ट केला की शब्द घट्ट होतो. माणूस काय मनात धरून बसलाय ते तसंच राहतं.

वहिनींचा फोन मात्र शांत झाला. त्यांना तेवढंच बरं वाटलं. काकांना नाही. "आधी चुकीचे का होईना, मेसेज यायचे."

मग फ्रेजवर आलो. "घरघंटी", "घरगुती पिठाची गिरणी", "घरगुती आटा चक्की", त्यांची रोमन रूपं, आणि 'किंमत', 'दुकान' जोडलेली. नुसतं "पिठाची गिरणी" वगळलं. 'घरगुती' हा शब्द लोक स्वतःहून लिहितात तेव्हा त्यांनी अर्धा निवाडा आपणच केलेला असतो. [घरघंटी], [घरघंटी किंमत] आणि तालुक्याच्या नावासकट एक, असे तीनच एक्झॅक्ट ठेवले. शोध कीवर्डशी तंतोतंत जुळला तर गूगल तो एक्झॅक्टलाच देतं, त्यामुळे फ्रेजशी मारामारी होत नाही. बिडिंग तात्पुरतं 'मॅक्सिमाइझ क्लिक्स'वर नेलं, आणि प्रति क्लिक कमाल किती द्यायचे ती मर्यादा घातली. स्थळाच्या सेटिंगमध्ये 'त्या भागात रस असलेले' हा पर्याय काढून 'त्या भागात असलेले' ठेवला. घरघंटी हा शब्द गुजरातीतही तसाच चालतो, आणि सुरतेला माल पोचवायची काकांची इच्छा नाही.

खरं काम निगेटिव्ह कीवर्डांत, म्हणजे जे शब्द शोधात असले की जाहिरात दाखवायची नाही त्यांत होतं, आणि तिथे मराठी आडवी आली.

नेहमीच्या कीवर्डांना गूगल जितकं सैल सोडतं, तितकंच निगेटिव्हना आखडून धरतं. निगेटिव्ह समानार्थी शब्द ओळखत नाही, एकवचनावरून अनेकवचन ओळखत नाही. 2024 पासून चुकीच्या स्पेलिंगपुरती सवलत मिळाली, बाकी जे लिहाल तेवढंच अडतं. इंग्रजीत हे निभतं, शब्दाची रूपं दोन-तीन असतात. मराठीत 'योजना' अडवलं की 'योजनेचा अर्ज' खुशाल आत येतो. योजनेचा, योजनेची, योजनेसाठी, योजनेत, योजनेतून: प्रत्येक विभक्ती गूगलच्या लेखी वेगळा शब्द. 'अर्ज' अडवला, 'अर्जाचा नमुना' आला. 'अनुदान' अडवलं, 'अनुदानावर गिरणी' आली. शाळेत ज्या विभक्तीच्या तक्त्याला कंटाळायचो, तो कागदावर काढून सप्तमीपर्यंत भरला. अतिशयोक्ती नाही. प्रथमा ते सप्तमी, दोन्ही वचनं, मग त्यांची रोमन रूपं, मग हिंदीतून येणारे 'मुफ्त' आणि 'फ्री'. एका यादीत पाच हजार निगेटिव्ह बसतात, त्यामुळे जागेची चिंता नव्हती. आमची तीनशेच्या आत आटपली.

एका ठिकाणी मात्र हात आवरावा लागला. 'जवळ' अडवावं असं मित्राचं म्हणणं, म्हणजे दळणवाले जातील. पण 'घरघंटी दुकान जवळ' लिहिणारा माणूस पैसे खिशात घालूनच निघालेला असतो. म्हणून सुटा 'जवळ' सोडून दिला आणि 'गिरणी जवळ', 'जवळची गिरणी' ही जोडपी आणि 'दळण', 'दळून' हे शब्द अडवले. 'कामगार', 'म्हाडा', 'सोडत' अडवले. 'जाळी' आणि 'बेल्ट' काकांनी अडवू दिले नाहीत. सुटे भाग ते विकतात आणि त्यातलं गिऱ्हाईक पुढे नवं यंत्र घेतं, हे त्यांना वीस वर्षांच्या गल्ल्यावरून माहीत. त्यासाठी वेगळी मोहीम केली, बजेट नावापुरतं.

रिपोर्टातल्या एका गोष्टीने छळलं ती सांगून ठेवतो. सप्टेंबर 2020 पासून गूगल थोड्या लोकांनी केलेले शोध या यादीत दाखवत नाही, ते 'इतर शोध' अशा एका ओळीत गोळा करतं. मोठ्या खात्याला फरक पडत नसेल. रोज 500 रुपये लावणाऱ्या दुकानाच्या खर्चाचा बराच भाग त्या एका ओळीत असतो. निगेटिव्ह शोधायला मग रिपोर्टापेक्षा वहिनींचा व्हॉट्सअ‍ॅप जास्त उपयोगी पडला, कारण लोक तिथे मनातलं अख्खं वाक्य लिहितात.

तो व्हॉट्सअ‍ॅप चाळतानाच पहिल्या दिवशी ओलांडलेली गोष्ट समोर आली. योजनावाले सगळ्यात उत्साहाने बटण दाबतात. खरा गिऱ्हाईक किंमत बघतो, फोटो मोठा करून बघतो, घरी विचारतो, चार दिवसांनी दुकानातच येतो. बटण दाबेलच असं नाही. अर्ज कुठे मिळेल असं विचारणारी बाई मात्र पान उघडल्याबरोबर दाबते. आणि आम्ही गूगलला सांगून ठेवलं होतं की बटण दाबणं म्हणजे यश. ब्रॉड मॅच आणि मॅक्सिमाइझ कन्व्हर्जन्स ही जोडी दोन महिने इमानेइतबारे शिकत होती की या दुकानाचं उत्तम गिऱ्हाईक म्हणजे मोफत गिरणी मागणारी बाई. दर आठवड्याला तशीच आणखी माणसं शोधून आणत होती. एजन्सीच्या महिन्याच्या अहवालात प्रति कन्व्हर्जन खर्च छान उतरता दिसत होता! ब्रॉडला शिव्या घालत मी सगळं एक्झॅक्ट केलं, तेव्हा दोषी भलताच होता.

कन्व्हर्जन बदललं. पानावर बटणाआधी दोन प्रश्न घातले: कोणतं मॉडेल, आणि कोणत्या गावी पोचवायचं. जाहिरातीच्या प्रत्येक क्लिकसोबत गूगल जीसीएलआयडी नावाचं लांबलचक ओळखचिन्ह पाठवतं. ते साठवून त्याला छोटा क्रमांक दिला, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपच्या तयार मेसेजमध्ये आपोआप येईल असं केलं. वहिनींनी एवढंच करायचं: समोरचा खरोखर घ्यायच्या बेतात आहे असं वाटलं की तो क्रमांक शीटमध्ये 'पक्का' म्हणून टाकायचा, आणि विक्री झाली की रक्कम. शीटमधून ते गूगल अ‍ॅड्समध्ये चढतं. क्लिकनंतर 90 दिवसांच्या आत चढवावं लागतं, आणि घरघंटी घेणारा माणूस तेवढे दिवस क्वचितच घोळवतो. यंत्राला शिकवणी आता वहिनींची.

शीट थोडी भरल्यावर ब्रॉडला पुन्हा संधी दिली, वेगळा प्रयोग म्हणून, निम्म्या बजेटवर. मला उत्सुकता होती. आधीच्या तुलनेत शोध ओळखू येणार नाहीत इतके बदलले: 'नाचणी दळायचं घरगुती मशीन', 'मुलीला लग्नात द्यायला गिरणी', 'एक एचपी गिरणीला वीज किती लागते'. लग्नाचा विचार तर आमच्या यादीत कुणाच्या डोक्यातच नव्हता. रवा काढायच्या कारखानी यंत्रांचे शोधही आले, तेही लिहून ठेवले. पण महिन्याला मोजून काही विक्री असलेल्या दुकानाकडे ब्रॉडला नीट शिकवण्याइतकी उदाहरणंच नसतात. एक पंधरवडा चांगला जायचा, दुसरा कुठे भरकटायचा. मोठ्या साखळी दुकानाला मी याच्या उलट सल्ला देईन: विक्रीची नोंद पक्की आहे ना, मग ब्रॉड उघडा आणि त्याला काम करू द्या. नोंद कच्ची असताना ब्रॉड उघडणं म्हणजे चुकीच्या पत्त्यावर टपाल जोरात धाडणं. काकांसाठी ठरवलं ते असं: ब्रॉड वर्षातून दोनदा, दसऱ्याआधी आणि लग्नसराईआधी, तीन-तीन आठवडे, तेही नवे शब्द गोळा करायला. सापडलेले शब्द फ्रेजमध्ये टाकायचे आणि ब्रॉड बंद करायचा. गूगलच्या शिफारशींच्या पानावर 'ब्रॉड मॅच वापरा' ही सूचना तेव्हापासून दर आठवड्याला येते. तिला नकार देणं हा मित्राचा सोमवारचा नेम झालाय.

मेसेज पहिल्याच्या पाव राहिले, विक्री खर्च भागवून वर थोडी सुटेल इतपत आली. प्रकरण इथे मिटलं असं मी धरून चाललो होतो.

महिनाभराने वहिनींनी दुकानात बसवून एक मेसेज दाखवला. जाहिरातीतून आलेला नव्हता, कुणीतरी बोर्डावरचा नंबर बघून पाठवलेला. 'माझं नाव लाभार्थी यादीत आलंय. कोटेशन पाहिजे, आणि जीएसटीचं बिल मिळेल का?'

"हे योजनावालेच की," मी म्हणालो.

"योजनावाले आहेत, पण ह्यांना गिरणी विकतच घ्यायची आहे, भावजी. आधी स्वतःच्या पैशाने घ्यायची, बिल जोडायचं, मग अनुदान खात्यात जमा होतं. मागच्या वर्षी आमच्या बचत गटातल्या दोघींनी अशीच घेतली. दुसऱ्या दुकानातून."

मी विभक्तीच्या तक्त्यासकट जी भिंत बांधली होती, तिच्या पलीकडे ही गिऱ्हाइकं उभी होती. 'मोफत' लिहिणारी बाई आणि 'मंजूर' लिहिणारी बाई एकाच योजनेबद्दल विचारत असतात, पण एक अर्जाच्या रांगेत असते आणि दुसरी दुकान शोधत असते. त्याच दुपारी वेगळी मोहीम केली: "गिरणी कोटेशन", "पिठाची गिरणी दरपत्रक", "गिरणी जीएसटी बिल", सगळे फ्रेज. या मोहिमेला तीनशेंची यादी न लावता लहानशी वेगळी यादी लावली, तिच्यात फक्त मोफत, फ्री, मुफ्त आणि अर्जाची रूपं. 'योजना' आणि 'अनुदान' इथे मोकळे. पानावर पहिल्याच ओळीत लिहिलं की आम्ही खासगी दुकान आहोत, अर्ज भरून देत नाही, मंजुरीपत्र असेल तर कोटेशन आणि पक्कं बिल देतो. हे लिहायला मित्र कचरत होता, वहिनींनी लिहायला लावलं.

काकांनी तेवढ्यात कोटेशनचं छापील पुस्तक मागवायला फोन लावला होता. शंभर पानांचं घ्यावं की दोनशेचं, यावर पलीकडच्याशी घासाघीस चालली होती.